करवंदांना किती साखर लागते?

मे महिना लागला की आमच्या बदलापुरात चर्चेला दोनच विषय उरतात: पाणी किती वाजता येणार आणि करवंदं आली का. पहिल्याचं उत्तर कुणालाच ठाऊक नसतं. दुसऱ्याचं स्टेशनबाहेर मिळतं. डोंगरावरून उतरलेल्या ठाकर-कातकरी बाया पानांच्या द्रोणांत काळीभोर करवंदं मांडून बसलेल्या असतात, शेजारी जांभळांचे वाटे, कधी पांढरी तोरणं. त्यांच्याशी घासाघीस करायला माझी जीभ रेटत नाही. ज्यानं करवंदीच्या जाळीत एकदा हात घातलाय, त्याचीही रेटणार नाही. एका काट्यातून मनगट सोडवावं तर दुसरा टोचतो, आणि फळ तुटताक्षणी देठातून पांढरा चीक गळतो. तो बोटांना लागला की दोन दिवस पाठ सोडत नाही.

नुसती खायची असतील तर काही प्रश्न नाही. एकेक फोडायचं, आतून लाल निघालं की कोंबडा, पांढरट निघालं की कोंबडी, आणि द्रोण रिकामा. भानगड सुरू होते ती घरातलं कुणीतरी ‘याचं काहीतरी करू या’ म्हणतं तेव्हा. मग साखरेचा डबा ओट्यावर येतो. आमच्याकडचा जुना हिशेब ठरलेला: जितका गर तितकी साखर. एवढ्या साखरेत मग करवंद राहतं ते रंगापुरतंच.

आधीच्या बायकांना गोडाचा सोस होता म्हणून हे प्रमाण नव्हतं. फ्रीज नव्हता आणि मे महिन्यातलं करवंद दिवाळीत वाटीत यायला हवं होतं. साखर भरपूर असली की ती फळातलं पाणी धरून ठेवते, बुरशीला काही उरत नाही. साखर ही बरणीची राखणदार होती. आजही बाजारात जॅम म्हणून विकायचा तर 2011 च्या अन्न सुरक्षा नियमांप्रमाणे त्यात विरघळलेले घन पदार्थ, म्हणजे मुख्यतः साखर, किमान 65 टक्के लागतात. घरी मात्र ती राखण आता फ्रीझर करतो. तरी आपण डोळे झाकून तेच प्रमाण घालतो आणि वर ‘रानमेवा आहे, पौष्टिक असतो’ म्हणून मुलांच्या पोळीला थापतो.

साखरेऐवजी गूळ घातला की पदार्थ आपोआप पौष्टिक होतो, हीही एक गोड समजूत. गुळात चव आहे, थोडे क्षार आहेत, पण मुळात तीही साखरच. खजुराचं त्यातल्या त्यात बरं, चोथा तरी पोटात जातो. पण वाटीभर खजूर वाटून ‘बिनसाखरेचा लाडू’ म्हणून मिरवणाऱ्यांपुढे मी हात जोडते. गोडाला पर्याय शोधण्यापेक्षा मुळात गोड किती हवं हे विचारलं, तर रानफळं चांगली उत्तरं देतात.

करवंदांचं उत्तर मला नारळाच्या दुधातल्या वड्यांत सापडलं. गाईच्या किंवा म्हशीच्या तापत्या दुधात त्यांचा आंबट गर घातला की ते फाटतंच. नारळाच्या दुधाचा असला काही हट्ट नसतो. सोलकढीत ते आमसुलांशी वर्षानुवर्षं गुण्यागोविंदानं नांदतंय. पिकलेली करवंदं कोमट पाण्यात चोळून घ्यायची, म्हणजे वरचा चीक जातो. बोटांना आणि पुरणयंत्राच्या जाळीला तेलाचा हात फिरवायचा, नाहीतर संध्याकाळ भांडी घासण्यात जाते. झाकण ठेवून जेमतेम मऊ होईपर्यंत वाफवायची आणि गाळायची. हाती येतो तो किरमिजी, दाट, जीभ चुरचुरवणारा गर. दुसरीकडे चायना ग्रास (जेलीसारखं गोठवणारं अगर-अगर) थोड्या पाण्यात पूर्ण विरघळवायचं, त्यात नारळाचं दूध आणि जिभेच्या अंदाजानं गूळ घालून जरा गरम करायचं, आच बंद करायची आणि मग गर मिसळायचा. गर आधी घालून उकळलं तर आंबटपणामुळे चायना ग्रासची पकड जाते आणि वड्यांऐवजी सरबत प्यावं लागतं. वेलची घालू नये. ती खीर-बासुंदीला शोभते, इथे करवंदाचा वास मारते. चिमूटभर मीठ मात्र हवंच.

मिठाचा खरा चमत्कार जांभळात दिसतो. पूर्ण पिकलेल्या जांभळाला साखर लागतच नाही, त्याची तक्रार तुरटपणाची. लहानपणी आम्ही जांभळं आणि मीठ झाकणाच्या डब्यात घालून खडखड हलवायचो. सालं फुटून मीठ आत मुरायचं आणि टाळू आखडायची थांबायची. तेच आता मी कुल्फीच्या साच्यांसाठी करते. बिया काढलेला गर, काळं मीठ, चिमूटभर भाजलेलं जिरं, बस. जास्त पोटभरीचं हवं असेल तर नाचणीचं सत्त्व पाण्यात घोटून शिजवायचं, निवलं की त्यात गर कालवायचा. दिसायला जरा चिखलासारखं होतं, हे कबूल. वरून ओलं खोबरं घातलं की पाहुणे चमचा लावतात.

शेजारच्या वहिनींनी जांभळाचा केक केला तेव्हा त्याचा रंग कळकट निळसर-राखाडी आला आणि बिचाऱ्या जांभळं शिळी होती म्हणून हळहळल्या. जांभळांचा दोष नव्हता. त्यांचा रंग आंबटात लालसर राहतो आणि सोड्याशी गाठ पडली की निळ्या-हिरव्याकडे झुकतो. ताकात भिजवलेल्या रव्याचे बिनसोड्याचे आप्पे केले तर रंग बराच टिकतो. जरा घट्ट होतात, पण लहान मुलांना जांभळी जीभ मिळाली की ती घट्टपणाकडे बघत नाहीत.

जांभळाचं नाव निघालं की सासूबाई ‘शुगरला चांगलं असतं’ म्हणत दोन वाट्या चढवतात आणि गोळी विसरायची तयारी करतात. जांभूळ हे फळ आहे, डॉक्टर नाही, असं त्यांना दर मोसमात सांगावं लागतं.

विदर्भातल्या मैत्रिणीनं पाठवलेल्या मोहाच्या लाडवांनी मात्र माझा हा सगळा साखरेचा हिशेबच उलटा केला. मोह हे फळ नव्हे, फूल. पण वाळलं की बेदाण्यासारखं होतं आणि स्वतःच्या साखरेनं गच्च भरलेलं असतं. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे ती मांसल फुलं झाडाखाली टपटपतात आणि बाया-पोरं ती टोपल्यांत वेचतात. आतले केसर काढायचे, फुलं वाळवायची, मंद आचेवर भाजायची, भाजलेले तीळ आणि जवस यांच्याबरोबर कुटून लाडू वळायचे. गूळ नाही, खजूर नाही. वास पहिल्यांदा अनोळखी वाटतो, थोडा आंबूस. मोह म्हटलं की लोकांना फक्त दारू आठवते. सरकारलाही बरीच वर्षं तेवढीच आठवत होती. 2021 साली राज्यानं मोहफुलं गोळा करण्यावरचे आणि त्यांच्या वाहतुकीवरचे निर्बंध उठवले. आता लाडूही जरा मोकळेपणानं फिरतील.

‘आम्ही नाही बाई असलं रानातलं काही खात’ असं म्हणणारे नातेवाईक प्रत्येकाला असतात. त्यांच्या श्रीखंडावर चारोळी असते. चार नावाच्या जंगली झाडाचं छोटंसं फळ, त्याच्या टणक बीमधला तो दाणा. कुणीतरी रानात जाऊन फळं गोळा केली, बिया फोडल्या, तेव्हा तो पाकिटात आला. मी हे जेवणाच्या पंगतीत एकदा सांगितलं. श्रीखंड कुणी सोडलं नाही, माझ्याशी बोलणं मात्र थोडा वेळ सोडलं.

स्वतः तोडायला जाणाऱ्यांसाठी एवढंच, की ओळख नसलेलं फळ तोंडात घालू नये, माहीतगार बरोबर असावा. आणि जाळी ओरबाडून रिकामी करू नये, बुलबुलांना फ्रीझर नसतो.

आमच्या फ्रीझरमध्ये सध्या मटारांच्या पिशव्या हलवून करवंदांचा गर ठेवलाय, छोट्या पिशव्यांत, बिनसाखरेचा. गणपतीत त्याच्या वड्या करीन. सासूबाईंनी आत्ताच विचारून ठेवलंय, वरून पिठीसाखर भुरभुरवली तर चालेल ना. मी म्हटलं, ‘तुमच्या वाटणीच्या वडीवर तुम्ही घाला, पण आधी एक तशीच खाऊन बघा.’ त्यावर त्यांनी ‘बघू’ असं म्हटलंय.