तुम्ही विचारलंत म्हणून: 'आमूर' कुठून आला?

मी फ्रेंच शिकवते हे कळले की लोक हमखास विचारतात, प्रेमासाठीचा फ्रेंच शब्द 'आमूर' आणि आपला 'अमर' यांचे काही नाते आहे का? नाते नाही. 'अमर'मधला 'अ' नकाराचा आहे आणि त्याचा धातू 'मृ'. त्याचे लॅटिनमधले भावंड म्हणजे 'मोर्स', अर्थात मृत्यू. 'आमूर' आला तो लॅटिन 'आमोर'पासून, पण सरळ वाटेने नव्हे.

'हस्त'चा 'हात' आणि 'सप्त'चा 'सात' व्हावा, तसे लॅटिनमधून फ्रेंच घडतानाही ध्वनी नियमाने बदलले. आघात असलेला दीर्घ 'ओ' उत्तर फ्रान्सच्या बोलींत असा पालटला की 'फ्लोरेम'चे 'फ्लर' (फूल), 'कोलोरेम'चे 'कुलर' (रंग) आणि 'दोलोरेम'चे 'दुलर' (वेदना) झाले. त्याच न्यायाने 'आमोर'च्या 'आमोरेम' या रूपाचे 'आमर' व्हायला हवे होते, आणि तसे ते झालेही होते. पण ते रूप मागे पडले आणि उत्तरेतल्या पिकार्दी प्रांताच्या बोलीत जनावरांच्या माजापुरते उरले.

माणसांच्या प्रेमाचा शब्द दक्षिणेच्या वळणावर गेला, आणि बहुतेक अभ्यासक याचे श्रेय त्रुबादूर कवींना, म्हणजे दक्षिण फ्रान्सच्या मध्ययुगीन प्रेमकवींना, देतात. दक्षिणेत ऑक्सितान भाषा बोलली जाई. तिच्यात हा स्वर उत्तरेसारखा बदलला नव्हता. तिचा पहिला ज्ञात त्रुबादूर म्हणजे १०७१ साली जन्मलेला आक्वितेनचा ड्यूक नववा गियोम. या कवींनी प्रेमाला सरंजामी निष्ठेची भाषा दिली, ती इतकी की प्रेयसीला ते 'मिदोन्स', म्हणजे चक्क 'माझा धनी', असे पुल्लिंगी संबोधन वापरत. मला ही त्यांच्या काव्यातली सर्वांत धीट गोष्ट वाटते. गियोमची नात एलेओनोर ११३७ मध्ये फ्रान्सच्या राजघराण्यात सून म्हणून आली. पुढे तिची मुलगी मारी हिच्या शांपान्यच्या दरबारातही प्रेमकाव्याला आश्रय मिळाला. उत्तरेच्या कवींनी दक्षिणेची गाणी आपलीशी केली, तेव्हा त्या गाण्यांतला मुख्य शब्दही त्यांच्या कानांत दक्षिणेच्याच स्वरासह बसला असावा.

या तर्काला बळ देणारा आणखी एक शब्द आहे. मत्सरी या अर्थाचा 'झालू' हाही नियमाप्रमाणे बदललेला नाही, आणि त्याचेही मूळ ऑक्सितानमध्येच मानले जाते. त्रुबादूरांच्या कवितेत 'जिलोस' हे एक ठरलेले पात्र असते: पत्नीवर पहारा ठेवणारा संशयी नवरा.