जी३१ बोर्डावर एक्सऑर्ग : व्हीजीए मॉनिटरवर खरं १३६६×७६८ आणताना

दारव्हा-दिग्रस भागातल्या शाळा-वाचनालयांतून आपल्याकडे येणाऱ्या जुन्या संगणकांत इंटेल जी३१ चिपसेटचे बोर्ड भरपूर आहेत. ड्युअल कोअर नाहीतर कोअर टू ड्युओ, डीडीआर२ रॅम, मागे एकच निळं व्हीजीए सॉकेट आणि समोर साडेअठरा इंची, १३६६×७६८ चा एलसीडी. डेबियन १२ (लिनक्स) आणि एक्सएफसीई डेस्कटॉप यांवर छान चालतात, घोडं अडतं ते पडद्यापाशी. एकतर १०२४×७६८ चं ताणलेलं चित्र येतं, नाहीतर आकार बरोबर पण अक्षरं फिसकटलेली. दोन्हींची कारणं वेगवेगळी आहेत.

आधी ड्रायव्हर. टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय -एनएन ही कमांड मारल्यावर ‘८२जी३३/जी३१ एक्सप्रेस इंटिग्रेटेड ग्राफिक्स कंट्रोलर’ आणि ८०८६:२९सी२ हा आयडी दिसला की कार्ड हेच. हे जीएमए ३१००, म्हणजे इंटेलची तिसरी पिढी. लॅपटॉपवर येणारं जीएमए एक्स३१०० चौथ्या पिढीचं आहे. नावात फरक एका अक्षराचा असला तरी त्याचे उपाय इथे लावू नका.

डेबियनचा एक्सऑर्ग (पडद्यावर चित्र आणणारा प्रोग्राम) चौथ्या पिढीपासून पुढे मोडसेटिंग ड्रायव्हर वापरतो आणि त्याआधीच्या चिपसेटना इंटेल ड्रायव्हर देतो, पण एक्ससर्व्हर-एक्सऑर्ग-व्हिडिओ-इंटेल हे पॅकेज बसवलेलं असेल तरच. कमी जागेत बसवायचं म्हणून शिफारशीची पॅकेजेस वगळली की हेही बहुधा राहून जातं. मग जी३१ सुद्धा मोडसेटिंगवर जातो आणि लॉगमध्ये ग्लॅमरची (चित्रकारी ग्राफिक्स चिपकडून करून घेणारा भाग) ओळ येते : किमान १२८ इन्स्ट्रक्शन लागतात, या चिपकडे ६४ आहेत. ग्लॅमर तिथेच थांबतो आणि सगळी चित्रकारी प्रोसेसरच्या गळ्यात पडते. खिडकी सरकवली की मागे शेपूट उमटते ती यामुळे. लाइटडीएम असेल तर हा लॉग /व्हार/लॉग/एक्सऑर्ग.०.लॉग इथे मिळेल.

ग्रबच्या (बूट करणारा प्रोग्राम) ओळीत ‘नोमोडसेट’ राहिलं आहे का, तेही /प्रॉक/सीएमडीलाइन उघडून बघा. इन्स्टॉल करताना कुणीतरी सुचवतं आणि ते तसंच राहतं. इंटेल ड्रायव्हर कर्नलच्या मोडसेटिंगशिवाय (पडद्याचा मोड कर्नलनंच लावणं) चालतच नाही. नोमोडसेट असलं की ते बंद होतं, एक्सऑर्ग व्हेसा या साध्या ड्रायव्हरवर घसरतो, आणि मग कॉन्फिग फाइलमध्ये काहीही लिहा, उपयोग शून्य.

आता १०२४×७६८. मॉनिटरकडून ईडीआयडी (त्याला कोणते मोड चालतात ही माहिती) मिळाला नाही तर कर्नल स्वतःचे ठरलेले मोड देतो आणि त्यांची वरची मर्यादा नेमकी १०२४×७६८ आहे. म्हणून हा आकडा दिसला की संशय आधी केबलवर घ्यायचा. तपासायला /सिस/क्लास/डीआरएम/कार्ड०-व्हीजीए-१/ईडीआयडी ही फाइल डब्ल्यूसी -सी ने मोजा. एलएसवर विसंबू नका, ते तिथे कायम शून्यच दाखवतं. किमान १२८ बाइट आले पाहिजेत. शून्य आले तर मल्टीमीटर कंटिन्यूइटीवर लावून केबलची १२ आणि १५ नंबरची पिन बघा, ईडीआयडीचा डेटा आणि क्लॉक त्यांवरून जातात. स्वस्त केबलमध्ये यांतली एखादी जोडलेलीच नसते.

आपल्याकडे ९ नंबरची पिनही तितकीच महत्त्वाची. तिच्यावरून संगणक मॉनिटरला ५ व्होल्ट देतो, म्हणून मॉनिटर बंद असतानाही त्यातली ईडीआयडीची चिप वाचता येते. बऱ्याच केबलींत ही पिन नसते, आणि एरवी काही बिघडतही नाही. पण सीपीयू इन्व्हर्टरवर आणि मॉनिटर साध्या बोर्डावर असेल, लाइन गेलेली असताना संगणक सुरू झाला, तर ईडीआयडी रिकामा येतो. लाइन आली की मॉनिटर पेटतो आणि समोर १०२४×७६८. ‘सकाळी बरोबर असतं, दुपारी बिघडतं’ अशा तक्रारीमागे आधी हेच शोधा. नऊ नंबरची पिन असलेली केबल आणा किंवा दोन्ही एकाच इन्व्हर्टरवर घ्या.

केबल बदलणं शक्य नसेल, मध्ये स्प्लिटर असेल किंवा प्रोजेक्टरपर्यंत लांब वायर ओढलेली असेल, तर मोडलाइन (मोडचे सगळे आकडे असलेली ओळ) हातानं द्यावी लागते. खरी मेख इथे आहे. सगळीकडे सांगतात की सीव्हीटी १३६६ ७६८ ही कमांड मारा आणि येईल ती ओळ चिकटवा. सीव्हीटी रुंदी आठच्या पटीत धरतं, म्हणून ते देतं :

८५.२५ १३६८ १४४० १५७६ १७८४ ७६८ ७७१ ७८१ ७९८ -एचसिंक +व्हीसिंक

व्हीजीए अॅनालॉग आहे. वायरीतून पिक्सेलची संख्या जातच नाही. आडव्या सिंकची फ्रिक्वेन्सी, एकूण ओळी आणि सिंकची पोलॅरिटी (अधिक की उणे) यांवरून मॉनिटर मोड ताडतो. वरच्या ओळीची आडवी फ्रिक्वेन्सी ४७.७९ किलोहर्ट्झ, ओळी ७९८, पोलॅरिटी उणे-अधिक. सीव्हीटीच्या १२८०×७६८ मोडची फ्रिक्वेन्सी ४७.७८, ओळी त्याच ७९८, पोलॅरिटीही तीच. मॉनिटर याला १२८०×७६८ समजतो, एका ओळीचे १२८० नमुने घेतो आणि ते १३६६ पिक्सेलवर ताणतो.

हा दोष मराठी मजकुरावर चटकन ओळखू येतो. लिब्रेऑफिसमध्ये १० पॉइंटात एक परिच्छेद टाका. शिरोरेखा स्वच्छ, एकसारखी दिसते, कारण उभ्या दिशेचे ७६८ बरोबर आहेत. काने मात्र एक जाड, पुढचा पुसट, तिसरा पुन्हा जाड असे दिसतात. असं दिसलं की मॉनिटरच्या मेनूत इन्फर्मेशन उघडा, तिथे बहुधा १२८०×७६८ लिहिलेलं सापडेल.

व्हेसा या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या डीएमटी (ठरलेल्या मोडच्या) यादीत १३६६×७६८ साठी स्वतंत्र मोड आहे, तोच द्यायचा :

८५.५० १३६६ १४३६ १५७९ १७९२ ७६८ ७७१ ७७४ ७९८ +एचसिंक +व्हीसिंक

रिफ्रेश ५९.७९ हर्ट्झ. दोन्ही पोलॅरिटी अधिक असल्यानं १२८० चा घोटाळा होत नाही. ही ओळ /ईटीसी/एक्स११/एक्सऑर्ग.कॉन्फ.डी/२०-इंटेल.कॉन्फ या फाइलच्या मॉनिटर सेक्शनमध्ये, ‘१३६६×७६८’ हे नाव आणि त्याच नावाचा प्रेफर्डमोड देऊन लिहा. नावातली फुली रोमनमध्ये टाइप करायची. हॉरिझसिंक आणि व्हर्टरिफ्रेशच्या मर्यादा मॉनिटरच्या पुस्तिकेतून घ्या, अंदाजानं नको. डिव्हाइस सेक्शनमध्ये ड्रायव्हर इंटेल आणि अॅक्सेलमेथड एसएनए. व्हिडिओ आडवा चिरलेला दिसत असेल तरच टिअरफ्री चालू करा.

मॉनिटर डिव्हाइसला जोडताना नाव बघून लिहा. इंटेल ड्रायव्हर आउटपुटला ‘व्हीजीए१’ म्हणतो, मोडसेटिंग आणि कर्नल ‘व्हीजीए-१’. म्हणजे इथे ‘मॉनिटर-व्हीजीए१’ हाच पर्याय लागतो. मध्ये एक डॅश जास्त पडला तर एक्सऑर्ग चूक न दाखवता पूर्ण सेक्शन सोडून देतो. नाव एक्सरॅन्डआर या कमांडच्या आउटपुटमधूनच उचला.

लॉगिनचा पडदा बरोबर आणि आत गेलं की पुन्हा १०२४, असं झालं तर एक्सऑर्गला दोष नाही. एक्सएफसीई जुना आकार डिस्प्लेज.एक्सएमएल मध्ये जपून ठेवतो आणि लॉगिनला परत लावतो. डेस्कटॉपमधून बाहेर पडून, टीटीवायवरून (नुसत्या अक्षरांचा लॉगिन) ती फाइल काढून टाका.

सगळं बसल्यावर मॉनिटरचं ऑटो बटण दाबा, पण पडद्याच्या चारी कडांपर्यंत उजळ चित्र असताना. काळ्या वॉलपेपरवर त्याला कड सापडत नाही आणि चित्र बाजूला सरकतं. बारीक तपासणीसाठी एक्सएफडेस्कटॉप (वॉलपेपर लावणारा प्रोग्राम) बंद करून एक्ससेटरूट -ग्रे मारा. करड्या जाळीत उभे रुंद पट्टे दिसले तर क्लॉक चुकतोय, जाळी थरथरली तर फेज. मॉनिटरच्या मेनूत आधी क्लॉक, मग फेज, या क्रमानं फिरवा.

सध्या काम चालू आहे ते स्प्लिटरवाल्या मशीनवर. तिथे त्याच मॉडेलच्या मॉनिटरचा चांगल्या केबलवरून घेतलेला ईडीआयडी /लिब/फर्मवेअर/ईडीआयडी मध्ये ठेवून कर्नलला डीआरएम.ईडीआयडी_फर्मवेअर=व्हीजीए-१:ईडीआयडी/१३६६.बिन असा पर्याय दिला आहे (इथे डॅश हवाच, हे कर्नलचं नाव). या पद्धतीत बूट होतानाचा पडदाही बरोबर येतो आणि कॉन्फिगमध्ये मोडलाइन लागत नाही. आय९१५ (इंटेलचा कर्नलमधला ड्रायव्हर) इनिट्रॅमएफएसमधूनच (बूटच्या सुरुवातीची छोटी फाइलसिस्टीम) लोड होत असेल तर ती बिन फाइल हुक (छोटी स्क्रिप्ट) लिहून तिथेही न्यावी लागते, नाहीतर कर्नल ‘फाइल नाही’ म्हणून पुढे जातो आणि १०२४ परत येतं. हुकचं काम उरलं आहे. शिवाय उन्हाळा लागायच्या आत या बोर्डांच्या नॉर्थब्रिजवरची वाळलेली पेस्ट बदलायची आहे. ग्राफिक्स त्याच चिपमध्ये आहे, वर पंखा नाही, आणि मे महिन्यात खोलीच चाळिशीच्या पुढे असते.