तीस रॅट आणि वाशिष्ठीचं पाणी

२२ जुलै २०२१, पहाटे सव्वातीन वाजता मामांचा फोन आला. "मॅडम, पाणी पायरीला लागलंय."

मामा म्हणजे आमच्या कॉलेजच्या ॲनिमल हाऊसचे, प्रयोगासाठीचे प्राणी ठेवतात त्या जागेचे, अटेंडंट. मी फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधांचं शास्त्र, शिकवते, चिपळूणच्या जवळ एका फार्मसी कॉलेजात, नाव लिहीत नाही कारण पुढे जी तक्रार आहे ती एकट्या त्या कॉलेजची नाहीये. लॉकडाऊनमुळे मुलं घरी, लेक्चर ऑनलाइन, पण माझी स्टडी चालू होती आणि रॅटना काही सुट्टी देता येत नाही, म्हणून मी कॉलेजच्या वरच्या अंगाला एक खोली भाड्याने घेऊन राहत होते. आई गावात, पेठमापात. तिला फोन लावला तर म्हणाली आमच्या जिन्यात पाणी आलंय, आम्ही सगळे वर शेजाऱ्यांकडे आहोत, तू येऊ नकोस. यायला रस्ताच नव्हता. म्हणून मी छत्री न घेताच उतारावरून कॉलेजकडे पळाले, त्या पावसात छत्रीचा काही उपयोग नव्हता.

आधी स्टडी काय होती ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. कोकमाच्या सालीच्या अर्काने डायबेटिसमधली साखर उतरते का, हा माझा विषय. त्यासाठी ३० विस्टार रॅट, म्हणजे लॅबमधले पांढरे मोठे उंदीर, सहा-सहाचे पाच गट. एक गट नॉर्मल, बाकी चार गटांना म्हणजे २४ जणांना स्ट्रेप्टोझोटोसिनचं इंजेक्शन. हे औषध स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच मारून टाकतं. तीन दिवसांनी शेपटीतून रक्ताचा थेंब घ्यायचा, ग्लुकोमीटरवर २५० च्या वर आकडा आला की तो रॅट डायबेटिक धरायचा. ग्लुकोमीटर अगदी आपल्या घरातला असतो तसाच, माझ्या आईचा आणि आमच्या लॅबचा तर एकाच कंपनीचा. मग एका गटाला काहीच नाही, एकाला मेटफॉर्मिन हे डायबेटिसचं नेहमीचं औषध, दोघांना अर्काचे दोन वेगवेगळे डोस, असं २८ दिवस. त्या पहाटे एकोणिसावा दिवस उजाडणार होता.

डायबेटिक रॅट खूप पाणी पितो. साधा रॅट दिवसाला तीस-चाळीस मिली पीत असेल तर हा शंभरच्याही पुढे जातो, आणि तेवढीच लघवी करतो, त्यामुळे पिंजऱ्यातलं तूस रोज बदलायला लागतं. मामा रोज बदलायचे. रविवारी पण.

आणि हे ॲनिमल हाऊस होतं कुठे, तर तळमजल्यावर, मागच्या बाजूला, जनरेटर आणि मोडक्या बाकांच्या शेजारी, वाशिष्ठी नदीच्या अंगाला. प्रिन्सिपलची केबिन पहिल्या मजल्यावर, कॉम्प्युटर लॅब पहिल्या मजल्यावर, लायब्ररी दुसऱ्या मजल्यावर. २००५ च्या पुराची खूण आमच्या गेटच्या खांबावर आहे, ती सगळ्यांनी बघितलेली आहे, तरी प्राणी खालीच. कारण वास येतो, ड्रेनेज सोपं पडतं, आणि प्राणी काही तक्रार करत नाहीत. मीही पाच वर्षं तिथे रोज जात होते आणि कधी तोंड उघडलं नव्हतं.

मी पोचले तेव्हा आत गुडघाभर पाणी. लाइट गेलेली. मामांनी कपाळाला बॅटरी बांधलेली आणि ते रॅकच्या वरच्या फळीवरचे पिंजरे खिडकीच्या कट्ट्यावर सरकवत होते. सगळ्यात खालच्या फळीवर माइसचे, म्हणजे छोट्या उंदरांचे, दोन पिंजरे होते, त्यातल्या एकात नऊ पिल्लांची आई. ते दोन्ही आधीच पाण्याखाली गेले होते. मामा म्हणाले, "मी आलो तेव्हाच गेल्ते." मी काही बोलले नाही, वेळच नव्हता.

एका माणसाला एका फेरीत दोन पिंजरे, जिना अंधारात, पायाखाली गाळ, आणि पाणी दर फेरीला वर. माझ्या स्टडीचे दहा पिंजरे, प्रत्येकात तीन रॅट. त्याशिवाय राखीव रॅट, उरलेले माइस आणि चार ससे. दोनच माणसं. दुसऱ्या फेरीनंतर मामांनी विचारलं, "मॅडम, हे पाच पिंजऱ्यांत सहा-सहा टाकले तर लवकर होईल. पण वेगळे ठेवायचे ना?"

आता आमच्यात खूण कशी करतात तर शेपटीवर मार्करने पट्टे, एक, दोन, तीन. कुठला गट ते पिंजऱ्यावरच्या कार्डावर असतं. म्हणजे अंधारात हाताला येतील ते पिंजरे एकत्र केले की एक पट्टावाले दोन, दोन पट्टेवाले दोन, आणि मेटफॉर्मिनचा कुठला, अर्काचा कुठला ते कुणालाच सांगता येणार नाही. तिथे एकोणीस दिवसांचं काम संपतं. आणि त्याच्या आधीचं सहा महिन्यांचं, प्राण्यांवरच्या प्रयोगांना मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीच्या परवानगीपासूनचं.

मी म्हटलं, "घाला एकत्र."

सशांचं मात्र विसरता येत नाही. ससा सहसा आवाज करत नाही, वर्षानुवर्षं पाळला तरी लोकांना त्याचा आवाज माहीत नसतो. पण फार घाबरला की तो किंचाळतो, लहान मूल रडावं तसं. पोटाला पाणी लागल्यावर आमचा सगळ्यात म्हातारा ससा किंचाळला आणि मामांच्या हातातून पिंजरा सुटता सुटता राहिला. ते ससे विद्यार्थ्यांच्या प्रॅक्टिकलसाठी आणलेले, पुढे शिकवण्यासाठी प्राणी वापरायचे बंद झाले, प्रॅक्टिकल कॉम्प्युटरवर आलं, आणि हे चौघं तसेच राहून गेले. मामांनी त्यांना शेवटपर्यंत एकेक करून छातीशी धरून नेलं.

पाच वाजता सगळे लायब्ररीत, आणि खाली ॲनिमल हाऊसच्या दाराची कडी पाण्याखाली.

उजाडल्यावर खिडकीतून जे दिसलं ते ज्यांनी चिपळूणला त्या दिवशी बघितलं त्यांना सांगायची गरज नाही. नदी कुठली, रस्ता कुठला, काही कळत नव्हतं. सिलिंडर वाहत चालले होते, गायी चालल्या होत्या. पाऊस, खाडीची भरती आणि धरणाचं पाणी, कशामुळे किती, यावरून नंतर खूप भांडणं झाली, त्यात मी पडत नाही. मोबाईलची रेंज सकाळीच गेली आणि आईचं काय झालं ते कळायचा मार्ग संपला.

आठच्या सुमारास खालच्या वाडीतली सात-आठ कुटुंबं आमच्याकडे वर आली. म्हातारी माणसं, कडेवरची पोरं, दोन शेळ्या. लायब्ररीच्या एका बाजूला माणसं आणि दुसऱ्या बाजूला पिंजरे. मी घाबरले होते की लोक ओरडतील, उंदीर कशाला आणलेत म्हणून. कुणी ओरडलं नाही. एका बाईने उलट स्वतःची कोरडी चादर दिली, ससे कापत होते म्हणून.

एक सात-आठ वर्षांची मुलगी पिंजऱ्यापाशी येऊन बसली. पांढरे रॅट आणि लाल डोळे तिने कधी बघितले नव्हते. रॅट एकसारखे पाण्याच्या बाटलीला लागलेले. तिने विचारलं, "हे एवढं पाणी का पितात?"

"त्यांना डायबेटिस आहे."

"माझ्या आजीला पण आहे. मग तुम्ही त्यांचे डॉक्टर का?"

मला खोटं बोलता आलं असतं. रात्रभर ज्या हातांनी त्यांना वर आणलं होतं त्याच हातांनी मी त्यांना इंजेक्शन दिलं होतं, आणि ते तिला सांगणं भाग आहे असं मला त्या क्षणी वाटलं. म्हटलं, "नाही गं. त्यांना आम्हीच आजारी केलंय. औषध लागू पडतं का ते बघायला."

ती काही बोलली नाही. मागे तिची आजी भिंतीला टेकून बसली होती, ती म्हणाली, "आन मंग बरं कोन करनार त्यांना?"

त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते बरे होत नाहीत, त्या पेशी परत येत नाहीत. मी आजीला तेवढंच सांगितलं. तिने मान हलवली आणि आपल्या पिशवीतली पाण्याची बाटली माझ्यापुढे केली. चहूकडे पाणीच पाणी आणि प्यायचं पाणी फक्त गच्चीवरच्या टाकीत अर्धं उरलेलं, ते चाळीस माणसांचं. रॅटच्या बाटल्या दुपारी बारालाच रिकाम्या. मग मामांनी गच्चीवर बादल्या, पातेली, लॅबचे मोठे बीकर, सगळं मांडलं आणि पावसाचं पाणी धरलं. ते आम्ही रॅटना दिलं. खाद्याचं पोतं खाली भिजून गेलं होतं, म्हणून लोकांनी जे आणलं होतं त्यातलेच कुरमुरे आणि भात. डायबेटिसच्या रॅटना भात! पण उपाशी ठेवण्यापेक्षा बरं होतं ते. अनोळखी नर एका पिंजऱ्यात आले की भांडतात, तसे भांडले, दोघांचे कान फाटले. संध्याकाळपर्यंत दोन रॅट थंडीने गेले, दोघंही डायबेटिकच.

त्या रात्री झोप नव्हती. डोक्यात सारखं येत होतं की आईचं इन्सुलिन फ्रिजमध्ये होतं आणि फ्रिज आता कुठे असेल. १९२१ च्या उन्हाळ्यात टोरोंटोला बँटिंग आणि बेस्ट या संशोधकांनी कुत्र्यांची स्वादुपिंडं काढून त्यांना डायबेटिक केलं आणि मग स्वादुपिंडाचा अर्क टोचून जगवून बघितलं, पुढच्या जानेवारीत पहिल्या मुलाला इन्सुलिन मिळालं. ते कुत्रे नसते तर माझी आई नसती, हे मी दरवर्षी मुलांना शिकवते. बरोबर शंभर वर्षं झाली होती. आणि त्याच वर्षी आम्ही सगळे लसीच्या रांगेत उभे होतो, कोव्हॅक्सिनची तपासणीही २० माकडांवर झाली, इथे पुण्यात. तेव्हा प्राण्यांवरचे प्रयोग उद्यापासून बंद करा असं मी म्हणणार नाही, मला म्हणताच येत नाही. पण खाली पाण्यात गेलेली ती नऊ पिल्लं कुठल्या शोधासाठी गेली? कशासाठीच नाही. ती फक्त तळमजल्यासाठी गेली.

२३ ला पाणी उतरलं. आई सुखरूप होती, तिने इन्सुलिनची बाटली प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून शेजाऱ्यांच्या माठात ठेवली होती.

रॅटचं मात्र जे व्हायचं तेच झालं. एथिक्स कमिटीला कळवलं, स्टडी रद्द. २२ डायबेटिक रॅट उरले होते, ज्यांच्यावर आता कसलंच माप घेता येणार नव्हतं आणि जे दिवसेंदिवस खंगतच जाणार होते. व्हेटरनरी डॉक्टर रस्ते सुरू झाल्यावर आले आणि भुलीच्या औषधाचा मोठा डोस देऊन त्यांना संपवलं. प्रत्येकाला मी धरलं होतं. मामा त्या दिवशी आत आले नाहीत, बाहेर गाळ उपसत राहिले. आम्ही ज्यांना अंधारातून वर नेलं त्यांना आठ दिवसांत मारलं, हे मी मामांना कुठल्या तोंडाने समजावणार होते.

पुढच्या महिन्यात मीटिंग. नवीन ३० रॅटचा प्रस्ताव लगेच पाठवू, ग्रँटची मुदत संपतेय, असं मला सांगितलं गेलं, आणि ॲनिमल हाऊस? धुऊन, रंग देऊन तिथेच. मी सही केली नाही. म्हटलं, आधी खोली वर न्या. वर वजन पेलणार नाही, पाइपलाइन नवी करावी लागेल, खर्च कुठून आणायचा, बरंच ऐकलं. कमिटीवर बाहेरचा एक सदस्य असतो, त्यांनी माझी बाजू घेतली आणि म्हणाले की फॉर्मवर आपण प्राण्यांना सुरक्षित ठेवू असं लिहून देतो, ते पुराच्या रेषेखाली लिहून देता येणार नाही. वर्ष-सव्वा वर्ष लागलं, पण खोली पहिल्या मजल्यावर गेली, स्टाफरूमच्या शेजारी. वास येतो. येऊ दे.

मधल्या काळात मी ते केलं जे खरं म्हणजे आधीच करायला हवं होतं. रसेल आणि बर्च या दोन शास्त्रज्ञांनी १९५९ मध्येच मांडलंय की प्राण्याशिवाय होत असेल तर प्राणी नको, लागलेच तर कमीत कमी, आणि त्यांनाही त्रास कमीत कमी. मी ते परीक्षेत विचारत आले होते. या वेळी अर्क आधी काचेच्या नळीत तपासला, पिष्टमय पदार्थांची साखर करणारी एन्झाइम्स तो किती अडवतो ते. कमी ताकदीचा अर्क जवळजवळ काहीच करत नव्हता. म्हणजे माझ्या आधीच्या स्टडीतला एक अख्खा गट, सहा रॅट, लागतच नव्हते. नवा प्रस्ताव २४ चा गेला.

परवानगी आली त्या दिवशी मामांना सांगायला वर गेले. ते पिंजऱ्यांना कार्डं लावत होते. या वेळी त्यांनी प्रत्येक पिंजऱ्याचं एक जास्तीचं कार्ड करून घेतलंय, प्लास्टिकमध्ये घालून तारेने पिंजऱ्यालाच बांधलेलं, आणि शेपटीच्या पट्ट्याला गटागटाप्रमाणे वेगळा रंग. म्हणाले, "आता एकत्र घालायला लागले तरी ओळखता येतील."