लेडीज टेलर आणि वरचा कॉमा

बेळगावात टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटला अडकलं की करायला काही नसतं, मग बोर्ड वाचायचे. परवा दुपारी समोरच लेडीज टेलरचा बोर्ड, इंग्रजी ओळीत आय, ई, मग वरचा कॉमा आणि मग एस. म्हणजे हा बाबा एकाच बाईचे कपडे शिवतो की काय, आणि तिचं स्पेलिंगपण जगावेगळं!

अ‍ॅपॉस्ट्रॉफी म्हणायला जीभ वळायची नाही, म्हणून शाळेत वरचा कॉमाच. कॅम्पातल्या सेंट पॉल्सच्या पोरांना तो शाळेच्या नावातच फुकट मिळायचा, आम्ही मराठी शाळावाले घोकायचो, एकाचं असलं तर एसच्या आधी, पुष्कळांचं असलं तर एसच्या नंतर, चिल्ड्रन मुळातच अनेकवचन म्हणून परत आधी. नुसतं अनेकवचन असलं तर मात्र अजिबात नको, पण झेरॉक्सवाले फोटो’ज लिहितातच, 1990 च्या दशकालासुद्धा एसच्या आधी तो लावून सजवतात. आणि 'इट्स'ला तर चांगले डबल ग्रॅज्युएट घसरतात, अरे इट इज नाहीतर इट हॅज म्हणायचं असेल तरच लाव की, 'त्याचं'ला कशाला!

खरं तर आम्हाला हे कुणी आजीसारखं सांगायला पाहिजे होतं. दिवेलागणीला स्तोत्र म्हणताना धाकटा भाऊ 'सोऽहम्'मधला अवग्रह इंग्रजी समजून खणखणीत 'सो एस हम्' वाचायचा आणि आजी म्हणायची, "एस न्हवं रे, तिथला अ गिळलाय, त्याची खूण हाय ती." बस, डोन्टमध्ये ओ गिळला तिथं खूण, एनच्या नंतर, आधी नाही. एवढंच तर आहे.

मराठीला ही भानगड नाही, 'चा' सरळ चिकटतो, ता. खानापूर जि. बेळगावला एकेक टिंब पुरतं, लग्नपत्रिकेत चि. सौ. कां. पण टिंबांवरच उभी राहते. कन्नडचंही तसंच, प्रत्यय शब्दालाच जोडलेला. बोर्डावर कुठली भाषा वर आणि किती मोठी यावरून आमच्याकडे काय काय झालंय ते सांगायला नको, पण त्या कॉमासाठी कधी कुणी मोर्चा काढला नाही, तो कुठल्याच बाजूचा नाही बिचारा. आता कर्नाटकाच्या 2024 च्या कायद्यानं बोर्डावरची साठ टक्के जागा कन्नडला, त्यामुळं इंग्रजी ओळ एवढीशी होत चाललीय की गाडीवरून कॉमा दिसणारच नाही, बरोबर असो नाहीतर चूक. चालतंय की.