वायानाएची काळी माती

मुंबईत मंगळवारी सकाळचे साडेसात वाजतात तेव्हा हवाईतल्या ओआहू बेटावर सोमवारी दुपारचे चार वाजलेले असतात. त्यामुळे तिकडच्या क्लायंटचा कॉल कायम डब्याच्या घाईच्या वेळी. अंधेरीतल्या आमच्या ऑफिसात सॉइल रिपोर्टचं, म्हणजे बांधकामाआधी जमीन तपासून पाया कसा घ्यावा ते सांगणाऱ्या अहवालांचं काम चालतं. बोअर तिकडे मारतात, नमुने तिकडच्याच लॅबमध्ये तपासतात. आकडेमोड, सेक्शन आणि रिपोर्टचा मसुदा आमच्याकडे. शेवटची सही तिकडच्या परवानाधारक इंजिनिअरची.

ही फाइल तशी किरकोळ होती. बेटाच्या पश्चिमेला, वायानाएच्या डोंगरांमध्ये लुआलुआलेई नावाचं खोरं आहे, तिथे काही बैठी घरं बांधायची होती. लाकडी सांगाडा, हलकं छप्पर, खाली काँक्रीटचा स्लॅब. बोअरलॉगवर, म्हणजे बोअरमधून कुठली माती निघाली त्याच्या नोंदीवर, लिहिलेलं, 'गडद तपकिरी चिकण माती, अतिशय कडक'. एन-व्हॅल्यू तिसाच्या पुढे. साडेत्रेसष्ट किलोचा हातोडा पाऊण मीटरवरून सोडत राहायचं आणि नळी शेवटचे तीस सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागले ते मोजायचं, ही एन-व्हॅल्यू. तीस म्हणजे चिकण मातीसाठी उत्तमच. आमच्याकडच्या पोराने बेअरिंग कपॅसिटी, म्हणजे जमीन किती भार पेलेल ते काढलं, भरपूर आली, दीड फुटावर फुटिंग, म्हणजे पाया दाखवून मसुदा माझ्या टेबलावर ठेवला.

मुंबईत या धंद्यात वाढलेल्या माणसाची एक खोड असते. आपल्याला चिकण मातीची भीती वाटते ती मऊ असली तर. शिवडीकडे किंवा खाडीकाठी बोअर मारा, कित्येकदा हातोडा नुसता टेकवला तरी रॉड खाली उतरायला लागतो. तिथे आम्ही सरळ पाइल, म्हणजे जमिनीत खोल जाणारे खांब टाकून खालच्या खडकाला जाऊन भिडतो. त्यामुळे कडक चिकण माती दिसली की आपल्याला हायसं वाटतं.

मसुद्यासोबत साइटचे फोटो होते. सहसा ते कोणी नीट बघत नाही. एका फोटोत जमिनीवर भेगांचं जाळं होतं आणि कुणीतरी एका भेगेत स्टीलची टेप सोडलेली. मी झूम करून पाहिलं, टेपचं टोक दिसतच नव्हतं. दुसऱ्या फोटोत नळीतून काढलेला नमुना मधोमध फोडून ठेवलेला. फुटलेला भाग तेलाचा हात फिरवल्यासारखा चकचकीत, त्यावर एकाच दिशेच्या बारीक रेघा. मातीचे ढेकळ फुगताना एकमेकांवर घासत सरकतात, तेव्हा असे तुकतुकीत पृष्ठभाग तयार होतात. मी पोराला हाक मारली.

"मॅडम, ही तर आमच्याकडची काळी!" तो म्हणाला. पोरगा परभणीचा. "आमच्या शेतातल्या घराची दारं उन्हाळ्यात लागतात, पावसाळ्यात अडकतात. बाबा दर वर्षी सुताराला बोलावतात."

"मग मसुद्यात हे का नाही आलं?"

"मला वाटलं, हवाई म्हणजे सगळी लाव्ह्याची जमीन असणार."

त्याचं वाटणं अगदीच चूक नव्हतं. लाव्ह्याचीच जमीन आहे, पण आपली तरी कशाची आहे? दख्खनचा बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, वायानाएचा ज्वालामुखी तीस-चाळीस लाख वर्षांचा. खडक एकाच जातीचा. फरक पडतो तो पावसामुळे. रत्नागिरीला धो धो पाऊस पडतो, तो बेसॉल्टमधली सिलिका, मॅग्नेशियम, कॅल्शियम सगळं धुऊन नेतो. मागे लोह आणि ॲल्युमिनियम उरतं, त्याचा जांभा होतो. तोच खडक लातूर-परभणीकडे कमी पावसात कुजतो, धुऊन जायला पुरेसं पाणी नाही, म्हणून सिलिका आणि मॅग्नेशियम तिथेच राहतात आणि स्मेक्टाइट जातीची माती बनते. ओआहूवर हाच प्रकार लहानशा अंतरात दिसतो. ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे आधी कोओलाऊ डोंगरांवर आणि मग वायानाएच्या माथ्यावर पाऊस टाकून मोकळे होतात. पश्चिमेचा किनारा कोरडा, वर्षाकाठी साधारण ५०० मिलिमीटर पाऊस. उतारांवरून झिरपत आलेली सिलिका आणि मॅग्नेशियम खोऱ्याच्या तळाशी येऊन साचतात. अमेरिकन कृषी खात्याच्या मृदा-नकाशात या मातीच्या मालिकेला खोऱ्याचंच नाव दिलेलं आहे, आणि तिचा गण व्हर्टिसोल, म्हणजे आपल्या रेगुरचा, काळ्या मातीचाच.

स्मेक्टाइटचे कण पापुद्र्यांचे असतात आणि पापुद्र्यांमधला बंध इतका कमजोर की पाणी सरळ मध्ये शिरतं. पाणी आलं की फुगते, गेलं की आकसते. म्हणजे बोअरलॉगमधली ती तिसाची एन-व्हॅल्यू मातीची ताकद सांगत नव्हती, ती फक्त माती किती सुकली आहे ते सांगत होती. बोअर उन्हाळ्याच्या शेवटी मारले होते.

परिशिष्ट चाळलं तर मागच्या पानांवर एक्सपान्शन इंडेक्सची चाचणी सापडली. कडीत दाबलेल्या नमुन्यावर चौरस इंचाला एक पौंड इतका नाममात्र भार ठेवून पाणी सोडतात आणि नमुना किती उचलला जातो ते बघतात. एकशे तीसच्या वर आकडा गेला की 'अतितीव्र' समजायचं. इथे दीडशेच्या आसपास होता. चाचणी केली होती, पानात लावली होती, आणि वाचली कोणीच नव्हती. सॉइल रिपोर्टच्या परिशिष्टांचं नशीबच तसं.

तिकडच्या इंजिनिअरला मेल टाकला. उत्तर आलं की ठेकेदाराने आधीच्या गृहीतकावर भाव दिलाय, घरं हलकी आहेत, एवढी काळजी कशाला. या 'हलकी आहेत' वरच मी अडले. उंच इमारतीच्या ओझ्याखाली ही माती निदान थोडी दबून राहते. फुगण्याचा तिचा दाब चौरस मीटरला दहा टनांच्या वर सहज जातो. एकमजली लाकडी घराच्या स्लॅबखाली टनभरही भार नसतो. घर हलकं म्हणूनच ते उचललं जाणार, आणि तेही सगळीकडे सारखं नाही. छपराची पागोळी पडते तो कोपरा वर, मधला भाग जागच्या जागी.

कॉलवर आकडे वाचून दाखवण्यात अर्थ नव्हता. हवाईची माती इथे मागवायची तर परवान्याचे सोपस्कार, तेवढा वेळ कुणाला होता? पण आमच्या लॅबच्या मांडणीवर लातूरकडच्या जुन्या कामाची एक पिशवी पडली होती. आदल्या सकाळी पोराने ती वाळवून, चारशे पंचवीस मायक्रॉनच्या चाळणीतून काढून, दोन मेजरिंग सिलिंडरमध्ये दहा-दहा ग्रॅम घातली. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. रॉकेल पापुद्र्यांत शिरत नाही, त्यामुळे त्यातली माती आहे तेवढीच राहते. (मुंबईत हल्ली रॉकेल मिळवणं हीच खरी अवघड चाचणी आहे. शिपाईमामांनी कुठून आणलं ते मी विचारलं नाही.)

मंगळवारी सकाळी सिलिंडर कॅमेऱ्यासमोर धरले. रॉकेलमधली माती बाराच्या खुणेवर, पाण्यातली चोवीसच्याही वर, गढूळ, जेलीसारखी. "ही आमची माती आहे, तुमची नाही," मी आधीच सांगितलं. "पण तुमच्या रिपोर्टचं मागचं पान उघडा." तिकडचा इंजिनिअर ते उघडून वाचत राहिला. मग म्हणाला, ठीक आहे, तीन फूट खोदू आणि वाळू-खडी भरू.

त्याला पुन्हा थांबवावं लागलं. वाळू-खडीतून पाणी खाली जातं आणि तळच्या चिकण मातीवर साचून राहतं. फुगायला आणखी काय हवं? पवईच्या आयआयटीत आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीसाठी जी न फुगणाऱ्या, पण चिकट मातीच्या थराची पद्धत बसवली, ती आपल्याकडे कालव्यांच्या कामात वापरली गेलेली आहे. सुमारे मीटरभर जाडीचा, नीट दाबलेला मुरमासारखा थर. वर ताठ बरगड्यांचा स्लॅब, म्हणजे हललं तरी घर एकसंध हलेल. आणि खोदल्यावर तळ उघडा ठेवून सुकू द्यायचा नाही, काँक्रीट पडेपर्यंत ओलसर राखायचा.

भराव आणि स्लॅब त्याने मान्य केले. खाणीतला न फुगणारा माल जवळपास मिळतो, असंही सांगितलं. पण शेवटचं कलम त्याने खोडलं: छपराचं पाणी पाइपने घरापासून लांब सोडावं, भिंतीलगत हिरवळ लावून रोज पाणी घालू नये. त्याचं म्हणणं, घरमालकाने बाग कुठे लावावी हे सॉइल रिपोर्टने सांगायचं नसतं.

पुढच्या मसुद्यात आम्ही ते कलम परत घातलं. पोराने या वेळी पाइपची जागा आणि पाण्याचा उतार प्लॅनवर काढूनच पाठवला.