सगळे रिपोर्ट नॉर्मल

सुमारे दीड वर्ष माझी पाठ दुखत होती, छातीत धडधडत होते आणि जेवण समोर आले की मळमळू लागे. ईसीजी, थायरॉइड, सोनोग्राफी, एंडोस्कोपी यांचे अहवाल मात्र दरवेळी नॉर्मल येत. ‘काही निघाले नाही’ हे ऐकून हायसे वाटण्याऐवजी मला ओशाळल्यासारखे होई, जणू दुखण्याचे सोंगच मी आणले होते.

मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले ती थोडी चिडूनच. त्यांनी तीन प्रश्नावल्या भरायला दिल्या. नैराश्याच्या पीएचक्यू-९मध्ये २७पैकी माझे १६ गुण आले आणि शारीरिक लक्षणांच्या पीएचक्यू-१५मध्ये ३०पैकी १७. थकवा आणि झोप हे प्रश्न दोन्ही कागदांवर होते, डॉक्टरांनी त्यांभोवती पेन्सिलीने गोल काढले आणि म्हणाले, “हे मनाचे की शरीराचे, हा वाद तुमच्यापुरता सोडून द्या. दुखणे खरे आहे.” मानसिक विकारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या डीएसएम या अमेरिकी पुस्तिकेच्या २०१३च्या पाचव्या आवृत्तीनेही ‘वैद्यकीय कारण न सापडणे’ ही अट अशा शारीरिक लक्षणांच्या विकाराच्या निदानातून वगळली असून, लक्षणांविषयीची भीती आणि त्यांपायी जाणारा वेळ यांवर भर दिला आहे, हे मला त्यांच्याकडूनच कळले.

तिसरी प्रश्नावली मानसशास्त्रज्ञ एड डीनर व सहकाऱ्यांची, १९८५ची. जीवनाविषयीच्या समाधानाची पाचच विधाने, प्रत्येकाला १ ते ७ गुण, आणि २० म्हणजे धड समाधान नाही, धड असमाधानही नाही. माझी बेरीज ११ झाली. आयुष्य पुन्हा जगायला मिळाले तर जवळजवळ काहीच बदलणार नाही, या शेवटच्या विधानापुढे मी बराच वेळ पेन धरून बसले आणि १ लिहिला.

औषध सुरू झाले (पहिले दहा दिवस मळमळ वाढलीच), त्यासोबत वर्तन-विचार उपचारही. रोज रात्री वहीत दुखण्याला ० ते १० गुण द्यायचे आणि त्यापायी काय टाळले ते लिहायचे. दोन महिन्यांची पाने चाळताना दिसले, की सर्वांत उदास दिवस सर्वाधिक दुखण्याचे नव्हते. दुखेल या धास्तीने मी ज्या दिवशी कुणाला ‘येत नाही’ म्हणून कळवले होते, ते होते. दुखणे थांबल्यावर जगू, असे ठरवून मी बसले होते.

सहा महिन्यांनी पीएचक्यू-९ ६वर आला, समाधानाची बेरीज २१ झाली. शारीरिक लक्षणे मात्र १२पर्यंतच उतरली. पाठ अजून दुखते. शेवटच्या विधानापुढे या वेळी मी ३ लिहिला.