तुम्ही विचारलंत म्हणून: चटणी वाईट की आपलं खाणं वाईट?

"अक्का, शेंगा चटणी खाल्ली तर चालतंय का ओ?"

हा प्रश्न मला आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकावा लागतो. मी सोलापुरात, बाळीवेशीच्या मागच्या गल्लीत, घरातूनच कडक भाकरी आणि शेंगा चटणी विकते. या धंद्याला आता एकोणीस वर्षं झाली. अक्कलकोटला, तुळजापूरला जाणारे येतात, गड्ड्याच्या जत्रेला माहेरी आलेल्या लेकी येतात, पुण्या-मुंबईला परत निघालेले तर किलोनं नेतात. पैसे देऊन झाले, पिशवी हातात आली की हा प्रश्न येतो. कुणाला शुगर निघालेली असते, कुणाचं बीपी वाढलेलं असतं, कुणाच्या सुनेनं मोबाइलवर काहीतरी वाचलेलं असतं.

मागच्या महिन्यात एक बाप-लेक माझ्या ओसरीवरच वाद घालायला लागले. लेक म्हणाली, "अप्पा, दाण्यात निम्मं तेल असतंय. हा पदार्थच वाईट आहे तुमच्यासाठी." अप्पा म्हणाले, "पदार्थ कुठला वाईट नसतो गं. अति खाल्लं की वाईट. काय ओ अक्का, सांगा की हिला." दोघंही माझ्याकडे बघत राहिले. घाईत मी "बेतानं खा" असं म्हणून वेळ मारून नेली. ते उत्तर मला रात्रभर टोचत राहिलं, कारण ते पूर्ण खरं नाही. म्हणून आज सविस्तर लिहिते.

आधी लेकीचं. तिचा आकडा बरोबर आहे. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत जवळपास ४९ ग्रॅम स्निग्धांश असतो, म्हणजे खरंच निम्मं. सोबत २५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, आणि उष्मांक साधारण ५७० कॅलरी. ते तेल कुठं असतं, हे चटणी कांडताना डोळ्यांनी दिसतं. दाणे मंद आचेवर भाजायचे, गार झाले की चोळून सूपात पाखडून साल उडवायची. मग उखळात दाणे, लसूण, जिरं, तिखट, मीठ. पहिले शंभर-दीडशे घाव नुसता कोरडा कूट. मग हळूहळू रंग गडद होतो, मुसळ खाली चिकटायला लागतं, घावाचा आवाज बदलतो. मूठभर उचलून दाबली की मूद तशीच राहते आणि बोटं तेलकट होतात. मी वरून थेंबभर तेल घालत नाही. मिक्सरमध्ये पातं दाणा कापतं, त्याला चेचत नाही, म्हणून तिथं पीठ होतं, चटणी होत नाही.

या चटणीचे दोन चमचे म्हणजे २० ग्रॅम. मी काट्यावर तोलून बघितलेत. त्यात एकशे दहा-पंधरा कॅलरी. किलोभर दाण्यांना मी ३० ग्रॅम मीठ घालते, म्हणजे दोन चमच्यांत अर्ध्या ग्रॅमहून थोडं जास्त. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ खा म्हणते. एवढी चटणी एका भाकरीबरोबर खाणाऱ्याला मी घाबरवणार नाही. किडनीचा त्रास असणाऱ्यांचं गणित वेगळं असतं, ते त्यांच्या डॉक्टरांनीच मांडायचं, ते काम माझं नाही.

म्हणजे अप्पा जिंकले? तसं नाही. "अति खाल्लं की वाईट" या वाक्याशी माझं जुनं भांडण आहे, आणि ते माझ्या वडिलांवरून आहे.

आमचे दादा गिरणीत विणकर खात्यात होते. आठ तासांची पाळी, सगळी उभ्यानं, एका साच्यावरून दुसऱ्यावर. डब्यात ज्वारीच्या तीन भाकरी, चटणी, कांदा, कधी पिठलं. घरी आल्यावर परत तीन. अंगावर मांस नव्हतं, सायकल हाणत जायचे आणि यायचे. गिरणी बंद पडली तेव्हा ते पन्नाशीला आलेले. दुसरं काम धड मिळालं नाही. दारातल्या कट्ट्यावर बसून राहायचे. जेवण मात्र तेच, वेळही तीच, तीन भाकरी. पाच-सहा वर्षांत शुगर निघाली. भेटायला आलेल्या एका नातेवाइकानं सगळ्यांसमोर म्हटलं, "खाणं आवरलं असतं तर ही वेळ आली नसती."

दादा गप्प बसले. रात्री मला म्हणाले, "भाकरी तीच, पोट तेच, मग साखर कुठनं आली गं बाई?"

मला त्या वेळी उत्तर देता आलं नाही. आज देते. त्यांनी आयुष्यात एक घासही जास्त खाल्ला नव्हता. कमी झालं होतं ते काम. आणि "अति" हा शब्द मात्र त्यांच्या जिभेवर येऊन बसला, जणू त्यांनी हावरटपणा केला. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, मोठ्या पाहणीत देशातले १० कोटींहून अधिक लोक मधुमेही निघाले. इतकी माणसं एका पिढीत हावरट झाली, असं मला कुणी सांगायला आलं तर मी ऐकून घेणार नाही.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. किती खायचं हे आपण ठरवतो असं आपल्याला वाटतं. पण ते बरंचसं पदार्थ ठरवतो. हे मला पुस्तकाआधी काट्यानं शिकवलं. एका रविवारी आम्ही चौघं जेवायला होतो. चटणीची वाटी मी आधी आणि नंतर तोलली. चौघांत मिळून ८५ ग्रॅम गेली. संध्याकाळी मॅच लागली तेव्हा माझ्या दोन भाच्यांनी बेसनाचा मसाला लावलेल्या तळलेल्या दाण्यांचं पाकीट फोडलं. २०० ग्रॅमचं पाकीट, दोन पोरं, अर्धा तास, आणि नंतर जेवायलाही बसली. दाणा तोच, शेतातून आलेला. एका रूपात चौघांचा हात थांबला, दुसऱ्या रूपात दोघांचा थांबला नाही.

कडक भाकरी खाऊन बघा म्हणजे कारण कळेल. ती मोडावी लागते. चावून चावून जबडा दुखतो. घास गिळेपर्यंत पाणी प्यावं लागतं. दीड भाकरी संपेपर्यंत वीस मिनिटं गेलेली असतात आणि पोटाचा निरोप वर पोचलेला असतो. पाकिटातला कुरकुरीत दाणा, वेफर, क्रीमचं बिस्कीट तोंडात जातं आणि विरघळतं. निरोप पोचायच्या आत पाकीट रिकामं.

हे नुसतं माझं घरगुती मत नाही. अमेरिकेत केव्हिन हॉल नावाच्या संशोधकानं २०१९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. २० माणसांना चार आठवडे संस्थेतच ठेवलं. दोन आठवडे कारखान्यात बनलेलं, भरपूर प्रक्रिया केलेलं खाणं, दोन आठवडे साधं, ताजं शिजवलेलं. समोर ठेवलेल्या ताटांत उष्मांक, साखर, स्निग्धांश, मीठ, तंतू सारखेच, आणि सांगितलं, हवं तेवढं खा. कारखान्याच्या खाण्यावर माणसं दिवसाला साधारण ५०० कॅलरी जास्त खायला लागली, भराभर खायला लागली. दोन आठवड्यांत सरासरी किलोच्या जवळपास वजन वाढलं. साध्या जेवणावर तेवढंच उतरलं. तीच माणसं, तीच भूक, तोच मनाचा निग्रह.

म्हणून त्या अप्पांना माझं म्हणणं असं आहे. जास्त खाल्लं जाणं हा काही पदार्थांचा अंगचा गुणच असतो. तिखटपणा मिरचीत असतो तसा तो त्यात असतो. जो पदार्थ हात थांबू देत नाही, त्याला "पदार्थ चांगला, फक्त खाणारा चुकला" असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. विशेषतः जे पोरांच्या हातात दिलं जातं त्याबद्दल. थंड पेयाच्या ३०० मिलीच्या बाटलीत तीस ग्रॅमच्या वर साखर असते. तेवढी साखर चहात घालून दिली तर पोर एक घोट घेऊन थुंकेल. गार, फसफसणारी, आंबट करून दिली की दोन मिनिटांत बाटली संपते.

आता थोडं असं, जे थोडंही नको. ही यादी लहान आहे, पण ती आहे.

दाण्यापासूनच सुरू करते. ओल लागलेल्या शेंगदाण्यांवर एक बुरशी येते, तिच्यापासून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते यकृताचा कॅन्सर करतं आणि भाजून पूर्ण जात नाही. लसूण-तिखटानं अशा दाण्याची खवट चव झाकली जाते, हे आमच्या धंद्यातलं सर्वांत मोठं पाप. मी रोज सकाळी दोन तास दाणे निवडते. सुरकुतलेला, काळपट, आतून पिवळट झालेला, हिरवट पूड धरलेला दाणा बाहेर. शंका आली की एक दाणा फोडून वास घ्यायचा, खवट लागला की त्या सूपातले सगळे परत बघायचे. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात एका व्यापाऱ्यानं स्वस्तात दिलेलं पोतं तळाला ओलं निघालं. त्यानं परत घेतलं नाही. मी ते जनावरालाही घातलं नाही, जनावरालाही ते बाधतं, आणि मग ते दुधात उतरतं. खड्डा करून पुरलं. तुम्ही घरी चटणी करत असाल तर बाकी काही नाही केलंत तरी हे निवडणं सोडू नका.

दुसरं वनस्पती तूप. तेलावर अर्धवट हायड्रोजनची प्रक्रिया करून ते घट्ट करतात, त्यात ट्रान्स फॅट तयार होतात. ते वाईट कोलेस्टेरॉल वाढवतात आणि चांगलं कमी करतात, दोन्हीकडून मार. त्यांची शरीराला काहीच गरज नाही. आपल्याकडे जानेवारी २०२२ पासून तेला-तुपात ट्रान्स फॅट २ टक्क्यांच्या वर ठेवायची परवानगी नाही. आणि तिसरं, दिवसभर उकळत ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा वापरलेलं काळं तेल. भजी मलाही आवडतात. पण कढईतलं तेल काळं, फेसाळ दिसलं की मी गाड्यावरून तशीच पुढं जाते.

बेतानं चाललं तर चालणारं आणि थोडंही नको असं, या दोन टोकांच्या मध्ये एक जागा आहे, तिथं लाख डाळ बसते. विदर्भात तिला लाखोळी म्हणतात. आठवड्यातून एखाद्या वेळी, इतर डाळींबरोबर खाल्ली तर सहसा काही होत नाही. पण दुष्काळात दुसरं काहीच मिळत नाही म्हणून महिनोन्‌महिने तीच खाणाऱ्यांचे पाय कायमचे लुळे पडले. त्यावरून १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी घातली गेली. इथं पदार्थात दोष होता आणि तो प्रमाणानंच बाहेर आला. पण ते प्रमाण कुणी हौसेनं ठरवलं होतं का? ताटात दुसरं काही नव्हतं. गरिबाच्या ताटाला "अति" म्हणताना तरी जीभ अडखळायला पाहिजे.

आणि याच्या उलट चूक, जी हल्ली फार ऐकते: "ज्वारी चांगली, मग कितीही खा." मंगळवेढ्याची ज्वारी माझ्या जिवाची आहे, भाकरी मालदांडी जातीच्या ज्वारीचीच करते. तंतू असतात, पोट भरल्यासारखं राहतं. पण शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात सत्तर ग्रॅमच्या आसपास पिष्ट असतं. गव्हाच्या दोन पोळ्या सोडून ज्वारीच्या चार भाकरी खाणाऱ्या शुगरवाल्या बायका मी बघितल्यात, आणि रिपोर्ट आला की त्या बिचाऱ्या रडतात, "सगळं पाळलं की ओ अक्का." चांगलं म्हणून शिक्का मारला की मापच सुटतं.

ते बाप-लेक परवा परत आले. मी अप्पांना एकच विचारलं, चटणी खाता कशी? ते लेकीकडे बघून हळूच म्हणाले, "रात्री टीव्हीसमोर, डब्यातनं चमच्यानं." जेवणात नाही, भाकरीबरोबर नाही, नुसती. मी म्हटलं, अप्पा, चटणी ताटात वाढून घ्या, भाकरीबरोबर, आणि डबा लेकीनं आत ठेवायचा. अर्ध्या किलोच्या जागी त्यांनी पाव किलो घेतली. लेकीनं पाकिटाच्या खारवलेल्या दाण्यांबद्दल विचारलं, ते मात्र मी घरातच आणू नका म्हणून सांगितलं.

दादांचं सांगायचं राहिलं. शुगर निघाल्यावर आईनं भाकरी बंद करायचा विचार केला. त्यांचं तोंड इतकं उतरलं की मला बघवेना. मग मी उंडा लहान घ्यायला लागले. परातीत थापताना तीच गोलाई, फक्त वितीऐवजी हाताचा पंजा भरेल एवढी. दोन लहान भाकऱ्या, बाजूला वाटीभर मेथीची भाजी, मुगाचं घट्ट वरण, चटणी कोपऱ्यात चमचाभर. आणि संध्याकाळी सिद्धेश्वर तळ्याला चालत एक फेरी, मी सोबत.

पहिल्या दिवशी त्यांनी भाकरी हातात घेतली, उलटसुलट केली, तळव्यावर ठेवून बघितली. चाळीस वर्षं त्या हातानं भाकरी मोडली होती, त्याला कळणारच.

"लहान झाली की गं," म्हणाले.

"हो दादा. चटणी तीच आहे," मी म्हटलं.

त्यांनी तुकडा मोडला, चटणीत बुडवला आणि जेवायला लागले.